नऊ नंबरची चिठ्ठी

शुक्रवारी साफसफाईच्या वेळी कोतोने नावाची मुलगी वर्गाची लाकडी जमीन पुसत पुसत बाईंच्या पायांपाशी येऊन थांबली, फडक्याची घडी उलटी केली आणि वर न बघताच म्हणाली, "बाई, सोमवारी माझी चिठ्ठी आधीच देऊन टाकाल का? उगीच रांगेत उभं राहावं लागतं." बस, एवढंच. आवाजात तक्रार नाही, रुसवा नाही. आज मला दूध नको, असं सांगावं तसं सांगितलं. मग दोन्ही तळवे फडक्यावर दाबून, कंबर उंच करून ती पुढच्या फळीवरून सरळ रेषेत धावत निघून गेली, आणि मागे ओल्या लाकडाचा एक पट्टा राहिला. शिहो त्या पट्ट्याकडे बघत उभी राहिली. तिसरीच्या दुसऱ्या तुकडीच्या या वर्गशिक्षिकेला अकरा वर्षांच्या नोकरीत मुलांनी बरंच काही ऐकवलं होतं. कुणी खडूस म्हणालं होतं, कुणी तोंडावर सांगितलं होतं की आधीच्या बाई बऱ्या होत्या. त्या त्या वेळी काहीतरी लागलं होतं, निदान कान तरी तापले होते. आज काहीच झालं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपलाच गाल आपल्या बोटांना परका लागतो, तसं तिला सगळं अंग लागलं. बाहेर बर्फाआधीच्या दिवसांतलं ढगांचं ते कोरडं गडगडणं एकदा झालं, मुलं हौसेने किंचाळली, आणि दाराजवळच्या डेस्कवर सोसुकेने दोन्ही कान दाबून धरले. कोतोने फडकं टाकून त्याच्याकडे गेली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायची गरज कित्येक महिन्यांत पडलीच नव्हती.

जागा दर महिन्याला शाळेच्या पहिल्या दिवशी बदलतात. फळ्यावर वर्गाचा नकाशा, प्रत्येक चौकोनात एक नंबर. बुटांच्या खोक्याला भोक पाडून केलेल्या पेटीत चिठ्ठ्या. मुलं रांगेने येतात, हात घालतात, कुणी नाचतं, कुणी रडवेलं होतं, पण चिठ्ठी निघाली की वाद संपला. बाईंची मर्जी नाही, कुणाचा वशिला नाही. त्या खोक्यावर मुलांचा जेवढा विश्वास तेवढा कुठल्याही मोठ्या माणसावर नसेल. फक्त दहा नंबर पेटीत नसायचा. ती दाराजवळची जागा सोसुकेची, कायमची. तो मुळात सूर्यफूल वर्गाचा, म्हणजे ज्या मुलांना इतरांच्या वेगाने चालणं जमत नाही त्यांच्या पाच जणांच्या वर्गाचा. सकाळची हजेरी, संगीत, जेवण आणि साफसफाई एवढ्यापुरता तिसरीत येऊन बसायचा, आणि मध्येच त्याला जड झालं तर सूर्यफूलच्या हिगाशिदेबाई दारातूनच अलगद घेऊन जायच्या. आणि त्याला लागून असलेली नऊ नंबरची जागा, तीही पेटीत नसायची. ती चिठ्ठी शिहोच्या डाव्या हातात असायची, अंगठ्याच्या मुळाशी घडी घालून. कोतोनेची पाळी आली की ती पेटी जराशी तिरकी करायची, हात भोकापाशी न्यायची, म्हणायची, "घे, वरचीच घे." एप्रिलमध्ये ती जोडी खरोखर नशिबाने जमली होती. मे महिन्यात नऊ नंबरवर दुसरंच कुणी आलं, आणि सोसुके तीन दिवस वर्गात भिंतीला हात लावत फिरत राहिला. चौथ्या दिवशी त्याने जेवणातल्या सूपचं मोठं भांडं पालथं केलं. जूनपासून शिहोने अंगठा वापरायला सुरुवात केली. जून, जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. पाचदा. आणि नऊ वर्षांच्या पोरीला हे केव्हा कळलं असेल? दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा? की पहिल्यांदाच, आणि नंतरचे चार महिने ती बाईंचा मान राखायला रांगेत उभी राहत होती?

ऑक्टोबरात शहरातल्या शाळांचे शिक्षक तिचा तास बघायला आले होते. मागच्या भिंतीशी वीस-बावीस माणसं, पायांत पाहुण्यांच्या सपाता, हातांत निरीक्षणाचे कागद. एरवी गणिताला तिसरीत नसणारा सोसुके त्या दिवशी चाळीस मिनिटं जागेवर बसला. कोतोनेने त्याचं पान उलटलं, त्याची पेन्सिल उचलून दिली, तो हलायला लागला की पाठीवर दोन बोटांनी हळूच ताल धरला, आणि हे सगळं स्वतःची गणितं सोडवता सोडवता. नंतरच्या चर्चेत एक टकलू मुख्याध्यापक भारावून म्हणाले होते की हा वर्ग जिवंत आहे. शिहोने शिक्षकांनी दरवर्षी लिहायच्या निबंधात लिहिलं होतं, "आधार हा लादायचा नसतो, शेजारातून तो आपोआप उमलतो," आणि खाली एक आकृती काढली होती: मधे सोसुकेचं वर्तुळ, भोवती मुलांची छोटी वर्तुळं, आणि बाण. 'आपोआप' हा शब्द तिने दोनदा खोडून पुन्हा लिहिला होता. हिगाशिदेबाईंनी ती आकृती चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली ही बाई, खिशात नेहमी ओले रुमाल आणि तोंडात नेहमी खोकल्याची गोळी. "छान आहे गं," त्या म्हणाल्या. "पण बाण सगळे आतच जातायत. बाहेर येणारा एक तरी काढायचास. की हात दुखला?" शिहो हसली होती. थट्टा म्हणून सोडून दिलं होतं. शुक्रवारी ट्राममध्ये लोंबत्या कडीला धरून उभी असताना तिला आठवलं की तो निबंध छापून आला, तिने घरी आणला, आणि त्यात कोतोनेचं नाव कुठेच नव्हतं. 'शेजारील विद्यार्थिनी' असं होतं. सहा ठिकाणी.

एवढंच असतं तर सोमवारी एक चिठ्ठी पेटीत टाकायची आणि मोकळं व्हायचं. पण गुरुवारी पालक वर्ग बघायला येणार होते, सोसुकेची आईही, आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या मुलाने पुढच्या वर्षी किती तास कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवणारी समिती बसणार होती. समितीला कागद लागतो. 'जागेवर बसू शकतो' असा कागद असेल तर सोसुकेला चौथीत संगीताबरोबर विज्ञान आणि चित्रकलाही मिळणार होती. 'बसू शकत नाही' असा असेल तर जेवणसुद्धा सूर्यफूलमध्ये, त्या पाच जणांत. त्याची आई मत्स्यबाजाराजवळ धुलाईच्या दुकानात काम करते. नोव्हेंबरच्या भेटीत ती कमरेत वाकली ती वर यायलाच तयार नव्हती. "कोतोनेचे उपकार आहेत बाई. घरी तिचंच नाव घेतो. म्हणजे, घेत नाही, पण तिचं नाव घेतलं की गप्प होतो." शिहोने तिला सांगितलं होतं की काळजी करू नका, आम्ही सगळे आहोत. आम्ही सगळे, म्हणजे नऊ वर्षांची एक मुलगी. हे वाक्य तिच्या मनात आलं, आणि आलं तसं पुढच्या थांब्यावर उतरून गेलं. ना टोचलं, ना काही.

पाळणाघराच्या फाटकाशी पोचली तेव्हा सव्वासहा झाले होते. आत बुटांच्या फळीसमोर सायो बसली होती, तिची सायो, तीन वर्षं आणि चार महिन्यांची, पाय पुढे सरळ पसरून, नजर छतावरच्या दिव्याच्या कडेवर. आणि तिच्या समोर गुडघे टेकून इरोहा तिला बूट घालत होती. इरोहा साडेतीन वर्षांची, जीभ दातांत धरून, दोन्ही हातांनी टाच आत ढकलत होती, आणि मोठ्या बाईसारखं पुटपुटत होती, "हं, झालं हां, दुसरा दे, दुसरा." सायोने दुसरा पाय दिला नाही. इरोहाने तो स्वतःच उचलला. पाळणाघरातल्या तरुण ताई कौतुकाने म्हणाल्या, "बघा ना, सायोची आई! आमची इरोहा म्हणजे तिची धाकटी आईच झालीय." शिहो हसली आणि वाकली. एप्रिलमध्ये नवे गट पडणार होते, आणि मागच्याच महिन्यात तिने या ताईंना बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं होतं, "सायो आणि इरोहा एकाच गटात राहतील असं काही बघता येईल का? म्हणजे, जमलंच तर." ताई म्हणाल्या होत्या, बघू. शिहोला माहीत होतं 'बघू' म्हणजे काय. ती स्वतः पालकांना 'बघू' म्हणते तेव्हा डावा हात पेटीजवळ गेलेलाच असतो.

सायो अकरा शब्द बोलते. शिहोने ते एका वहीत लिहून ठेवलेत, तारखेसकट. त्यातला 'बर्फ' हा सहा आठवड्यांत ऐकू आलेला नाही, पण त्यावर रेघ मारायचं तिने टाळलंय. तीन वर्षांच्या तपासणीत आरोग्य केंद्रातली परिचारिका म्हणाली, "थोडं थांबून बघू या हं, आई," आणि त्या 'आई'मध्ये इतकी मऊ दया होती की शिहोला कळून चुकलं, कारण तीच दया ती स्वतः गेली अकरा वर्षं वापरत आली होती. तेव्हापासून ती पाळणाघरात गेली की आधी सायोकडे बघत नाही. बाकीच्या मुलींकडे बघते. कोण हात पुढे करते, कोण थांबते, कोण आपलं खेळणं टाकून येते. घोड्यांच्या बाजारात दात बघतात तसं बघते. इरोहाचे दात चांगले होते.

शनिवारी सायोला आंघोळ घालताना तिने नेहमीप्रमाणे तिचे दंड बघितले. आधी बाहेरून, मग हात वर करून आतून, काखेजवळची ती पांढरी, दुधासारखी कातडी. नवऱ्याने, ताकुरोने, एकदा विचारलं होतं, "काय शोधतेस रोज?" ती म्हणाली होती, पुरळ. तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शिहो तिसरीत होती तेव्हा तिच्या शेजारी योहेई बसायचा. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, चार वर्षं. वर्ग बदलले, बाई बदलल्या, चिठ्ठ्या निघाल्या, आणि शेजारी योहेई. लाळ पुसायचा रुमाल तिच्या दप्तरात असायचा. बाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, शिहो आहे म्हणून मला काळजी नाही. आई शेजारणींना सांगायची. सहावीच्या शेवटी तिला एक प्रशस्तिपत्रक मिळालं, जाड कागदाचं, कडेला सोनेरी वेल. त्याच वर्षी हिवाळ्यात, एका भूगोलाच्या तासाला, योहेई तिच्या खांद्यावर डोकं टेकून गुणगुणत असताना तिने डेस्कखालून त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला चिमटा काढला. नखं लावून, पिळून. तो गुणगुणायचा थांबला. ओरडला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. मग रोज. त्याच जागी, कारण आतल्या बाजूला दिसत नाही हे तिला आपोआप कळलं होतं. आपोआप. फेब्रुवारीपासून मार्चपर्यंत, आणि मार्चमध्ये ते सोनेरी वेलीचं पत्रक. तिला त्याचा राग येत होता का? नाही. तिला काहीच येत नव्हतं, आणि चिमटा काढला की तेवढ्यापुरतं काहीतरी यायचं, बोटांच्या टोकांना. म्हणून ती शिक्षिका झाली असं तिला कधी कधी वाटतं. म्हणजे प्रायश्चित्त वगैरे नाही, तसले मोठे शब्द तिला परवडत नाहीत, फक्त या वेळी आपण फळ्याच्या बाजूला उभं राहावं, एवढंच. आणि फळ्याच्या बाजूला उभं राहून तिने काय केलं, तर एक मुलगी निवडली. चांगल्या घरची, समजूतदार, स्वच्छ रुमालाची. बघताक्षणी ओळखली होती, पहिल्याच दिवशी.

रविवारी ताकुरो टेबलाशी बसून पर्सिमनची केशरी फळं सोलत होता. तिने त्याला चिठ्ठीचं सांगितलं. चिमट्याचं नाही, चिठ्ठीचं. "मग?" तो म्हणाला. "ती तक्रार करतेय का?" "नाही." "तिची आई?" "नाही." "मग तूच का उकरतेस? एक महिन्याने करायचं ते कर. समिती होऊ दे, गुरुवार होऊ दे." त्याने एक फोड तिच्यापुढे सरकवली. "आणि हे बघ, अशी मुलं असतातच. इरोहाचंच बघ ना. काय बिघडतं त्यांचं? उलट माणूस म्हणून शहाणी होतात." शिहोने फोड तोंडात टाकली. गोड होती बहुतेक. सायो खिडकीच्या काचेला जीभ लावून उभी होती. "तूही तशीच होतीस म्हणे," ताकुरो म्हणाला. "सासूबाई सांगतात ना अजून. ते सर्टिफिकेट कुठंय गं?" "आईकडे असेल," ती म्हणाली. एक महिन्याने जानेवारी. मग कुणीतरी म्हणेल वर्ष संपतच आलंय, आता कशाला. चार वर्षं अशीच होतात. कुणी चार वर्षं ठरवत नाही. प्रत्येक वेळी एकच महिना ठरवतात.

सोमवारी सकाळी पाळणाघराच्या फळीसमोर इरोहा वाटच बघत उभी होती. सायोची टोपी तिने काढली, खुंटीला लावली, आणि मग शिहोकडे बघून दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिली; शाबासकीसाठी मुलं उभी राहतात तशी. ताई शेजारीच होत्या. आत्ता सांगायचं होतं. ताई, ते मी गटाचं बोलले होते ना, ते राहू द्या. मोजून दहा शब्द. शिहोने तोंड उघडलं, आणि म्हणाली, "इरोहा, किती गं गुणाची!" इरोहाचा चेहरा फुलला. शिहो ट्राम पकडायला धावली. म्हणजे हे तिला माहीत होतं, पुरतं माहीत होतं, की तिकडे एक मुलगी सोडवायला निघालेली बाई इकडे दुसरीला बांधून आली आहे. तरी पाय व्यवस्थित चालत होते, श्वासही ठीक होता.

शिक्षकांच्या खोलीत हिगाशिदेबाई हीटरपाशी हात शेकत होत्या. शिहोने त्यांना सांगितलं की आज दहा नंबरही पेटीत टाकणार, नऊही, आणि सोसुकेही रांगेत उभा राहील. पेटीत आतापर्यंत काय होतं आणि काय नव्हतं तेही सांगितलं. अंगठ्याच्या मुळाशी चिठ्ठी कशी धरायची तेही करून दाखवलं. हिगाशिदेबाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"पाचदा?"

"पाचदा."

"हात बरा आहे तुझा. पत्ते खेळायला बसत जा आमच्यात." त्या हसल्या नाहीत. "मला वाटलंच होतं. मी पण बोलले नाही. मला सोयीचं होतं ना, निवांत चहा प्यायला मिळायचा. आजच करायचं?"

"आजच."

"गुरुवारी तो भिंती मोजत फिरला तर?"

"समितीचा कागद तुम्ही लिहिणार. तुम्ही काय लिहाल?"

"जे दिसेल ते. खोटं लिहायला आता चष्मा पुरत नाही." मग जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "त्याची आई रडेल गं. ती माझ्याकडे येते रडायला, तुझ्याकडे फक्त वाकायला येते. एवढं लक्षात ठेव."

पहिल्या तासाला शिहोने फळ्यावर नकाशा काढला आणि बत्तीसच्या बत्तीस चिठ्ठ्या मुलांसमोर मोजून पेटीत टाकल्या. डाव्या हाताची मूठ कुठे ठेवावी ते तिला कळेना. शेवटी तो हात तिने पाठीमागे धरला. रांग लागली. सोसुकेला हिगाशिदेबाईंनी मधोमध उभा केला, त्याच्यामागे गाकु, वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा. "बाई, सोसुके पण? त्याची तर ठरलेली असते ना?" "आता नाही," शिहो म्हणाली. "अरे वा, प्रमोशन!" कोतोनेची पाळी त्यांच्या आधी आली. पेटी सरळ होती. तिने हात घातला नाही. सवयीने भोकाकडे बघत थांबली. मग शिहोच्या चेहऱ्याकडे, मग पाठीमागे गेलेल्या हाताकडे. "घाल ना हात," शिहो म्हणाली. कोतोनेने कोपरापर्यंत हात घातला, तळातली चिठ्ठी काढली, उघडली. एकतीस. शेवटची रांग, खिडकीशी, दारापासून सगळ्यात लांब. तिने ती पुन्हा घडी घातली, पुन्हा उघडली. अगदी हळू, फक्त बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने विचारलं, "या वेळी खरी आहे?" "खरी आहे." कोतोनेने मान हलवली. आनंद नाही, काही नाही. नऊ वर्षांच्या चेहऱ्यावर तो कोरेपणा बघून शिहोला आपलाच वर्गातला जुना फोटो बघितल्यासारखं झालं.

सोसुकेने पेटीत हात घातला आणि काढेना. आत चिठ्ठ्या चाळवल्याचा कोरडा आवाज येत राहिला. त्याला तो आवडला असावा. डोळे मिटून ऐकत होता. "काय रे, मासे धरतोयस का?" गाकु म्हणाला. मुलं हसली. मग सोसुकेने मूठ बाहेर काढली ती भरलेली. सात-आठ चिठ्ठ्या. त्या त्याने टेबलावर ठेवल्या, एकेक उघडली, ओळीने लावली, सगळ्या नंबरांकडे बघितलं, आणि चौदावर बोट ठेवलं. फळ्यावरच्या नकाशाकडे बघून पुन्हा चौदावर ठेवलं. वर्गाच्या बरोबर मध्यावरची जागा. सगळी रांग पेटली. "बाई, चीटिंग!" "असं नाही चालत! एकच काढायची!" "मग आम्ही पण बघून घेणार!" "सोसुकेला चालतं का? त्याला सगळंच चालतं का?" शिहो पेटी धरून उभी होती. पाच महिने या मुलांच्या डोळ्यांदेखत तिने चिठ्ठी सरकवली आणि कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ती लपवून केली होती. या पोराने उघड्यावर, टेबलावर मांडून, बोट ठेवून निवडली, तर तो चोर. तिने कोतोनेकडे बघितलं. खोलीत हे ठाऊक असलेली तीन माणसं होती, आणि त्यातली एक नऊ वर्षांची. ती आपली चिठ्ठी दोन बोटांत धरून उभी होती.

शिहोला म्हणता आलं असतं, राहू दे, तो सोसुके आहे. वर्षभर तेच म्हणत आली होती, वेगवेगळ्या शब्दांत. ती खाली वाकली. "सोसुके. परत टाक. एकच काढायची. सगळ्यांसारखी एकच." त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, पण चिठ्ठ्या एकेक करून पुन्हा घडी घातल्या, चौदा सगळ्यात शेवटी, आणि पेटीत टाकल्या. मग एक काढली. बावीस. चौथी रांग, भिंतीकडून दुसरी जागा. त्याच्या तोंडून एक लांब, बारीक आवाज निघाला, मांजराच्या पिल्लासारखा, आणि थांबला. हिगाशिदेबाई दारातून अर्धं पाऊल आत आल्या आणि तिथेच राहिल्या. गाकुने तेवीस काढला. "झालं! आता मी शेजारी!" तो म्हणाला, आणि सोसुकेच्या चिठ्ठीत डोकावून आपली त्याच्या नाकासमोर नाचवली. "पण मी पाठ थोपटणार नाही हां, आधीच सांगतो."

मग डेस्कं हलवायची. हे प्रत्येकाने आपलं आपण करायचं असतं, खुर्ची उलटी करून डेस्कवर ठेवायची आणि ढकलत न्यायचं. बत्तीस डेस्कांचे पाय एकदम लाकडावर खरडले आणि सोसुकेने कान दाबले. त्याने डेस्क कधी हलवलंच नव्हतं. त्याची जागा कधी बदललीच नव्हती. वर्ग फिरला, थांबला, जागेवर बसला, आणि दाराशी तो एकटा उरला, दोन्ही कोपरं वर, डोळे घट्ट. मागच्या खिडकीशी कोतोने खुर्ची मागे सारून उठली. दोन पावलं आली. मग थांबून तिने शिहोकडे बघितलं. जाऊ का, असं विचारत होती की नको ना, असं, ते शिहोला कळलं नाही. आयुष्यभर कुणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता, म्हणून त्याचा चेहरा कसा असतो हेच तिला माहीत नव्हतं. तिने मान हलवली. नको. कोतोने तिथेच उभी राहिली, मग मागे जाऊन बसली. आता शिहोच्या अंगात कुठेतरी, फार आत, सुईचा गुण उतरल्यावर गालात होतं तसं दुखायला लागलं.

सोसुकेने कान सोडले नाहीत. पोटाने डेस्क ढकललं. एक वीत. थांबला. पुन्हा एक वीत. खुर्ची घसरून पडली तेव्हा तो खाली बसला, आणि शिहोने घड्याळाकडे बघितलं आणि गुरुवारच्या सगळ्या आया तिला भिंतीशी ओळीने उभ्या दिसल्या. गाकु म्हणाला, "बाई, मी उचलू?" "त्याला विचार." "उचलू का रे?" सोसुकेने डोकं हलवलं, जोरजोरात, नाही म्हणून. तो त्या वर्गात कुणालातरी काहीतरी नाही म्हणाला, हे पहिल्यांदाच. खुर्ची तिथेच पडून राहिली. डेस्क दाराशेजारून, नऊ नंबरसमोरून, पहिल्या दोन रांगांमधून, कुणाच्या तरी दप्तराला अडखळत, थांबत, बाविसावर पोचलं. पोचलं ते उलटं, तोंड मागच्या भिंतीकडे करून. मग तो जाऊन खुर्ची घेऊन आला आणि बसला. फळ्याकडे पाठ. "बाई, तो उलटा बसलाय!" चारपाच जणं एकदम म्हणाली. "दिसतंय मला," शिहो म्हणाली. तास संपायला बारा मिनिटं उरली होती. हिगाशिदेबाईंनी खिशातून छोटी वही काढली होती आणि उभ्या उभ्या काहीतरी लिहीत होत्या. काय लिहितात ते शिहोने विचारलं नाही.

"वह्या काढा," ती म्हणाली. पानं फडफडली. सोसुकेने आपलं दप्तर उघडलं, वही काढली, कुठल्यातरी पानावर उघडली. बरोबर पान होतं की नव्हतं ते उलट्या बाजूने दिसत नव्हतं. शिहो फळ्याकडे वळली, एक गणित लिहिलं, मागून कुणीतरी हात वर केल्याची सळसळ झाली म्हणून पुन्हा वळली. खिडकीशेजारचा मुलगा होता. "बाई, कोतोने झोपली."

कोतोनेने डोकं डेस्कवर टेकलं होतं, गाल वहीवर, हात दोन्ही बाजूंना लोंबते, बोटं उघडी. तोंड जरासं उघडं. एप्रिलपासून तिने जांभईसुद्धा दिल्याचं शिहोला आठवत नव्हतं. "उठवू का?" मुलाने विचारलं, आणि हात तिच्या पाठीकडे नेला.

"हात लावू नकोस," शिहो म्हणाली. आवाज वाजवीपेक्षा मोठा आला. वर्ग चपापला. सोसुकेनेही मान वर केली. वर्गात तो एकटाच मागच्या बाजूला तोंड करून बसला होता, आणि तीन रांगांपलीकडून तो झोपलेल्या कोतोनेकडे टक लावून बघत राहिला. "झोपू दे तिला," शिहो म्हणाली, आणि उरलेलं गणित हलक्या हाताने, खडूचा आवाज होऊ न देता लिहू लागली.